असले प्रश्न
यहुदी शाळेतली शिक्षिका प्रशिक्षणाहून नवी पद्धत शिकून आली होती: मुलांना प्रश्न विचारू द्यायचे. आज तेच दाखवायचं होतं. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापक, म्हणजे तिचे सासरे, हाताची घडी घालून बसले होते. तिने वाचताना ओळ दाखवायची चांदीची काडी धर्मग्रंथावर टेकवली आणि वाचलं: देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघाला. तिच्याच लेकीने हात वर केला. “त्याच्या आईला विचारलं होतं का?” “असले प्रश्न घरी,” सासरे म्हणाले. “घरी तुम्ही म्हणता, शाळेत विचार.” वर्ग हसला. “सूनबाई, पुढे वाचा.” इकडे लेक, तिकडे सासरे. तिने ओळ पुन्हा वाचून पाहिली. “विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. सासऱ्यांनी पुढे येऊन काडी काढून घेतली. “उद्यापासून वर्ग मी घेईन.” ते वळले, तर बाकाबाकावर हात वर होते. “सर, देवाने वाचवलं, मग जिवंत परतल्यावर मुलगा आईला काय म्हणाला?”