गार कपाळ

“इकडे ये गं, कपाळ बघू!”

आईची ही हाक यायच्या आत धाकटीने थोरलीच्या कपाळाला गार पाण्याचा पेला लावलेला असायचा. ताप कळला की नाटकाची तालीम बुडायची.

दवाखान्याच्या बाकावर धाकटीला आज तीच हाक आठवली. शेजारी थोरली, शाल गुंडाळून. ओठ सुकलेले, कपाळ मात्र गार. निघताना धाकटीने ताप उतरवायची गोळी दिली होती. प्रत्येक खेपेला देत होती. ‘ताप आला तर लगेच सांगा,’ असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं खरं. पण त्याच दिवशी तापाने फणफणलेल्या एका बाईला सुई न देताच परत पाठवलेलं दोघींनी पाहिलं होतं.

सुईतून इवल्या इवल्या पुड्या जात होत्या. एक्झोसोम म्हणे. पेशी एकमेकींना त्यांतून निरोप धाडतात. कर्करोगाची गाठ लबाड, ती राखणदार पेशींना अंगाईच धाडते, निजा गं, सगळं ठीक आहे. प्रयोगशाळेने या पुड्यांत दुसरा निरोप भरला होता : उठा, घरात चोर शिरलाय.

“माझे राखणदार तुझ्या भावजींवर गेलेत,” थोरली म्हणाली. “तोंडावर पाणी मारलं तरी कूस बदलून झोपतील.”

धाकटीला हसू आलं नाही. आतून बोलावणं आलं.

नर्सने थर्मामीटर पाहिला. “नॉर्मल.”

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. “रक्तावरून अजून नीट कळत नाही. पण पेशी जाग्या झाल्या असत्या, तर अंगात काहीतरी पेटलं असतं. थंडी, कणकण. तापाची तर मी वाटच पाहत होते. एकदाही नाही आला?”

“नाही,” थोरली घाईने म्हणाली. “मी अगदी ठणठणीत आहे.”

“मग आजपासून सुई बंद करू या. उगाच तुमचे हाल नकोत.”

थोरलीने पदराआडून धाकटीचा हात गच्च दाबला. गप्प बस. लहानपणी दाबायची, तसाच. गोळीचा जोर ओसरत आला होता. तळवा निखाऱ्यासारखा लागला.

धाकटीने तो हात उचलला आणि डॉक्टरबाईंच्या हातात दिला.

“ताप येतो हिला. पहिल्या सुईपासून, रोज. मीच झाकत आले.”