चष्म्यातला क्रांती चौक

"दिसतंय का नीट, आजी?" चिन्मयनं मनकर्णाबाईंच्या डोळ्यांवरचा जाडजूड चष्मा सरळ केला.

"लख्ख! क्रांती चौकच की रं ह्यो."

"हां. मागच्या खेपेसारखंच करायचं."

बाजूला लेकीचा हात धरून उभी असलेली प्रेरणा चमकली. मागची खेप? म्हणजे सासूबाई आधीच सराव करून गेल्या होत्या!

नजर अधू झालेली माणसं रस्ता कसा ओलांडतात, ते चिन्मय आणि त्याच्या कॉलेजातली ही मंडळी चष्म्यातल्या खोट्या रस्त्यावर तपासत. खबर सासूबाईंनीच आणली होती. तेव्हाच तिला खटकलं होतं.

सासूबाईंना दिसत नाही, याची तिला खात्री होती. हल्ली रस्त्यानं चालताना त्या तिचा डावा दंड सोडत नसत. परवा तर नळाला आठवड्यानं पाणी आलं आणि भरली घागर त्यांनी दारातच ठेवली. प्रेरणाचा पाय लागून सगळी लवंडली.

"दिसत नाय का तुम्हाला?" ती ओरडली होती.

"नेहमीच्याच जागी व्हती, बाई," एवढंच बोलून सासूबाई फरशी पुसत बसल्या.

आणि तरी हट्ट कसला, तर सावनीला बालवाडीत मीच सोडणार! चार वर्षांची पोर, तो नवा रुंद रस्ता आणि दुष्काळातले टँकरमागं टँकर. शेवटी ठरलं होतं, आज जमलं तर सावनीला आजी नेईल, नाहीतर मम्मी.

मनकर्णाबाईंनी दोन्हीकडं मान वळवली, रिक्षा जाऊ दिली आणि सावकाश पलीकडं पोचल्या.

"एकदम बरोबर!" चिन्मय म्हणाला.

"जमणारच की," प्रेरणा म्हणाली. "पाठ करून आल्यात त्या."

"मंग तू घाल," सासूबाई म्हणाल्या. "तू तर पाठ केला नाय ना?"

प्रेरणानं तोऱ्यात चष्मा चढवला. उजवीकडून येणारी बस जाऊ दिली. दुभाजक गाठला. पुढं रस्ता मोकळा. तिनं पाऊल टाकलं.

कानात करकचून ब्रेक वाजले. चित्र थिजलं.

"यंत्र बिघडलंय तुमचं," चष्मा काढत ती म्हणाली. "रस्ता तर रिकामा होता."

 चिन्मयनं भिंतीवरच्या पडद्यावर चित्र मागं नेलं. तिनं पाऊल टाकायच्या कितीतरी आधीपासून डावीकडून पाण्याचा टँकर दिवे लावून येत होता.

"मम्मी, एवढा मोठ्ठा होता!" सावनीनं दोन्ही हात पसरले.

प्रेरणा पडद्याकडं बघत राहिली. तिचा डावा दंड मनकर्णाबाईंनी केव्हाच घट्ट धरला होता.