पायांच्या पट्ट्या

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही विसरवाडीच्या चर्चमधल्या नव्या डिजिटल ऑर्गनसमोर बसला आहात. त्याला पायांनी वाजवायच्या पट्ट्याही आहेत.

ऑर्गन शिकणाऱ्या छोट्या मयूरीचे पाय तिथवर पोचत नव्हते.

"पायांच्या पट्ट्यांचं बटण बंदच ठेव," धर्मेंद्र सर हसत म्हणाले. "हातांनी गाणं न चुकता वाजवलंस, तर उद्या नाताळला तूच बसायचं!" आणि ते चहाला गेले.

मयूरीने हळूच ते बटण दाबलं आणि गाणं सुरू केलं. खालून भरदार सूर आला, अगदी तालात. तिने वाकून पाहिलं. तिचे पाय हवेत लोंबत होते आणि पट्ट्या एकेक करून आपोआप दबत होत्या.

ती चुकली. पट्ट्याही तिच्यासाठी थांबल्या.

"जरा हळू ना, मी अजून शिकी ऱ्हायनी," मयूरी घरच्या बोलीत म्हणाली, आणि बाकावर सरकून तिने शेजारी जागा केली.