हजार वॅटची ऊब

मीटरमामांनी तो महागडा हीटर भिंतीपासून ओढला, मागची पाटी वाचली आणि मनमोकळं हसले.

"हजार वॅट. जुनाही हजारचाच होता," ते हीटरवाल्याला म्हणाले. "मग दुप्पट ऊब येते कुठून? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

हीटरवाल्याने टाय सरळ केला आणि पाठ केलेलं पुन्हा म्हणून दाखवलं. आत खास दगड आहे, तो उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत दुप्पट ऊब मिळते. मामांची चाळीस वर्षं वीज कार्यालयात मीटर तपासण्यात गेली होती. असल्या दगडाधोंड्यांच्या गोष्टींना ते भुलणार थोडेच! वीज तेवढी तर ऊब तेवढी, मग डबा लोखंडाचा असो नाहीतर सोन्याचा.

पण समोर ताई बसली होती, त्यामुळे ते फार वेळ हसले नाहीत.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी, छातीने नाजूक. गेल्या थंडीत दोनदा दवाखान्यात जाऊन आली होती. खोली वीस अंशांखाली जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता हे करायचं कसं? घराचं वायरिंग जुनं. हजार वॅटच्या वर काही लावलं की फ्यूज उडालाच म्हणून समजा. घरमालक नवी वायर घालू देत नव्हता. शेवटी ताईच्या मुलाने सांगून टाकलं, या हीटरने जमलं तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि आईला आपल्या शहरात घेऊन जायचं. त्यासाठी तो बायको-मुलांना घेऊन येऊनच बसला होता.

ताई त्या घरात सेहेचाळीस वर्षं राहिली होती. सकाळी तिने भावाला स्वयंपाकघरात गाठलं होतं.

"मला इथून नेऊ देऊ नकोस रे," एवढंच ती म्हणाली होती.

आणि मुलगा म्हणत होता, मामा सांगतील ते खरं. घ्या, म्हणजे सगळं ओझं मामांच्याच डोक्यावर. बहिणीसाठी खोटं बोलावं, तर तिच्याच जिवाशी खेळ. ते त्यांच्याच्याने होणं शक्य नव्हतं.

मामांचं काम म्हणजे चोख. आठवडाभर त्यांनी आधी जुना हीटर तपासला होता. रोज पाच वाजता तो लावायचा, दारं-खिडक्या घट्ट बंद करायच्या, ताईला आत बसवायचं, उघडझाप नको म्हणून स्वतः निघून जायचं आणि आठला येऊन तापमापक बघायचा. रोज सोळा. एक दिवस चुकून साडेसोळा नाही.

आज नव्याची पाळी होती. बाहेर थंडी रोजच्याइतकीच. निकाल बघायला सगळेच खोलीत जमले: ताई, मुलगा, सून, दोन नातवंडं, हीटरवाला आणि मामा. आठपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही आणि दार तर उघडायचंच नाही, असा मामांनी दम भरला. सुनेने विचारलं, शिंकलेलं चालेल ना. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सहा वाजता काटा अठरावर होता. मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सातला वीस झाले. धाकट्या नातवाने स्वेटर काढून फेकला. मामांनी खिशातून दुसरा तापमापक काढला, तर तोही वीसच म्हणाला. मग स्टुलावर चढून त्यांनी दारावरच्या मीटरच्या चकतीचे फेरे घड्याळ लावून मोजले. हजार वॅट. ना एक जास्त, ना एक कमी.

आठ वाजता बावीस.

हीटरवालाच सगळ्यांत जास्त चकित झालेला दिसत होता. मामा हळूहळू हीटरपाशी गेले आणि त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला. चाळीस वर्षं हजारो मीटर वाचले, विजेचा कण न् कण आपल्याला ठाऊक आहे अशी घमेंड बाळगली, आणि आज एका दगडाने उतारवयात पुन्हा शाळेत बसवलं. पण त्यांना त्याचा राग येईना. जगात अजून असं काही शिल्लक आहे, याचाच त्यांना कोण आनंद झाला.

"मी चुकलो," ते म्हणाले. "हा हीटर खरा आहे. ताई इथेच राहील."

ताईने डोळ्यांना पदर लावला. मुलाने हीटर घेऊन टाकला, हीटरवाल्याने मामांना वाकून नमस्कार केला. सकाळी मुलगा, सून आणि नातवंडं निश्चिंत मनाने गाडीत बसून गेली.

संध्याकाळी आठला मामा पुन्हा आले. काम काही नव्हतं, तो चमत्कार आणखी एकदा डोळे भरून बघायचा होता, बस्स. ताई हीटरसमोर शाल पांघरून बसली होती. पाचपासून लावलाय, ती म्हणाली.

काटा सोळावर होता.

मामांनी प्लग पाहिला, खिडक्या पाहिल्या, मीटर मोजला. सगळं जिथल्या तिथे, हजारला हजार. काही सुचेना, तेव्हा दार लावून ते ताईशेजारी बसून राहिले. नऊ वाजता काटा सतरावर आला.

"लागला बघ कामाला," ताई हरखून म्हणाली. "आता मला इथून कुणी हलवत नाही."

मामा बोटांवर मोजू लागले. ताई एकटी होती तेव्हा सोळा, दोघं झाल्यावर सतरा, आणि काल या खोलीत सातजण होते.