एकेचाळिसावी हजेरी

साथीच्या वर्षी मी विद्यापीठातल्या रिकाम्या वर्गात बसून संगणकावर शिकवत असे. विद्यार्थी चाळीस. पडद्यावर नुसती नावं, हजेरीसुद्धा टाइप केलेली. कुणी खरंच ऐकतंय का, कळत नसे.

वर्षअखेरीस कारकून हसत म्हणाले, "सर, अहवालात तुमच्या वर्गाची पूर्ण उपस्थिती छापतोय. पण चाळिसांत रोज एकेचाळीस हजर? स्वतःलाही मोजता की काय?"

माझीच चूक असणार. दुसऱ्या दिवशी सावकाश मोजलं. चाळीस झाले.

"हजर, सर," शेवटच्या रिकाम्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

वर्षभरात कानांनी ऐकलेलं ते पहिलं उत्तर. रजिस्टर मिटून निघायला हवं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून नावं वाचली.

या वेळी आवाज पहिल्या बाकावरून आला.