पुढच्या वर्षीचं कव्हर

पुढच्या वर्षी येणाऱ्या पुस्तकाचं कव्हर घेऊन प्रकाशक हॉस्पिटलमध्ये आला, तेव्हा खाटेवरचा लेखक उशीला टेकून ताठ बसला. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "आणा इकडे! या पुस्तकासाठीच तर औषधं गिळतोय," म्हणत त्याने कव्हर उलटलं. मागे त्याचा जुना फोटो होता आणि खाली छापलं होतं: 'दिवंगत लेखकाचं अखेरचं पुस्तक'. प्रकाशकाचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, चुकून दुसरं आलं. आम्ही आपली दोन्ही कव्हरं करून ठेवली होती." "छान! म्हणजे मी काहीही केलं तरी तुमचं काम अडणार नाही," लेखक म्हणाला. मग त्याने फोटो जवळून पाहिला. "हा तर घरच्या अल्बममधला. तुम्हाला कोणी दिला?" बायको सलाइनच्या बाटलीकडे बघत म्हणाली, "त्यात तुम्ही हसताय."