भाकडांनी माकरी पळवली

धर. म्हणजे घर.

सुईत ओवलेला दोरा, चष्म्याशिवाय.

खाकी पाकीट, तोंड डकवलेलं.

एक दाखला, सही बाकी.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. शनिवारी सकाळी साडेदहाला, येरमाळ्याच्या पुढच्या फाट्यावरच्या शाळेत, तो जुळला.

‘घर’ला ‘धर’ लिहिणारी सातवीतली शिवांजली. शाळा सोडल्याचा दाखला तिचाच. “वाचायला येईना तर वर्ग कशाला अडवायचा? शिवणकामाला घाल,” असं मुख्याध्यापक बाबूरावांनी तिच्या बापाला, ज्ञानोबाला, परवाच सांगितलं होतं. ज्ञानोबाला सरांचा शब्द म्हणजे येडाई देवीचा कौल. तो दाखला न्यायला आला आणि नेमका शिक्षकांच्या कार्यशाळेत सापडला. तालुक्याहून आलेल्या दीपाली मॅडमनी त्यालाही लेकीशेजारी बसवून घेतलं. सही राहिली.

सुईदोरा बाबूरावांचा. शाळेत कुणाचं बटण तुटलं की सर स्वतः लावून देत, आणि दोरा एका फटक्यात ओवत. परिपत्रक आलं की मात्र चष्मा घरी राहिलेला असे. मग अस्मिता बाई वाचत, सर डोळे मिटून ऐकत आणि संध्याकाळी कलमासकट तोंडपाठ सांगत. गणित त्यांनी तेहेतीस वर्षं पुस्तक न उघडता शिकवलं. भाषणाला कधी कागद घेतला नाही. केंद्रातल्या सगळ्या शाळांत दबदबा होता.

“काही मुलांच्या बाबतीत अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ लवकर पडत नाही,” दीपाली मॅडम सांगत होत्या. “घ की ध, भ की म, हे ठरेपर्यंत वर्ग पुढच्या पानावर गेलेला असतो. डोकं शाबूत असतं. आळसही नसतो. याला डिस्लेक्सिया म्हणतात.”

“आमच्या टायमाला याला छडी म्हणायचे,” बाबूराव म्हणाले. सगळे हसले. शिवांजली सोडून.

मॅडमनी पाकीट पुढं केलं. “यातल्या मजकुरात अक्षरं मुद्दाम उलटसुलट केलीत. एकानंच वाचायचं, मोठ्यानं. म्हणजे त्या मुलांना कसं वाटतं ते कळेल. सर, तुम्हीच वाचा.”

बाबूरावांचा हात सवयीनं रिकाम्या खिशाकडं गेला. “वाचलं असतं हो. पण चष्मा—”

“आणलाय सर!” अस्मिता बाईंनी पर्समधून डबी काढली. “काकूंकडून मुद्दाम मागून घेतला. म्हटलं, आज कार्यशाळा हाय.”

बाबूरावांनी अस्मिता बाईंकडं असं पाहिलं की त्यांना आपली बदली झाल्यासारखं वाटलं. मग सरांनी चष्मा चढवला, पाकीट फाडलं आणि कागद डोळ्यांसमोर धरला.

“येडशीच्या... धाटात. घाटात. रा... रामलिंगच्या वाटेवर... भाकडांनी... आजीची... माकरी...” ते थांबले. “पळवली.”

“सर,” ज्ञानोबानं हात वर केला. “माकडांनी भाकरी पळवली का भाकडांनी माकरी?”

खोली फुटली. एक गुरुजी बाकावरून घसरले. अस्मिता बाई पदरात तोंड लपवून हसल्या. बाबूरावांच्या कपाळावर घाम आला. पुढची ओळ मागच्या ओळीत शिरली होती, आणि कान तापले होते.

“अगदी असंच होतं, सर!” दीपाली मॅडम खूश झाल्या. “बघा, एवढ्या मोठ्या माणसाची ही गत. चूक सरांची नाहीच. चूक कागदाची आहे.”

बाबूराव मॅडमकडं बघतच राहिले. छप्पन्न वर्षांत चारचौघांसमोर असं कुणी म्हटलं नव्हतं.

“सर,” शिवांजली हळूच म्हणाली, “ओळीखाली बोट ठिवा. आन् एकेकच शब्द बघा. घाई केली की जास्त चुकतंय.”

बाबूरावांनी बोट ठेवलं. एकेक शब्द करत, बैलगाडी चढावर जावी तशी, उरलेली ओळ पार केली. आजीनं माकडांना मिरच्या दाखवल्या, असं शेवटी निघालं. टाळ्या पडल्या.

“दावा की सर, कसं छापलंय,” ज्ञानोबा पुढं झुकला.

“राहू दे.” बाबूरावांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात घातली. मग दाखला जवळ ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि बराच वेळ तो न्याहाळत राहिले.

“मॅडम, हाही तुम्हीच छापून आणला का?”

हशाचा दुसरा लोंढा आला. “अहो सर, त्यावर माझं अक्षर हाय!” अस्मिता बाई कशाबशा म्हणाल्या.

बाबूराव हसले नाहीत. त्यांनी दाखला उभा फाडला, मग आडवा.

“सोमवारपासून ही पहिल्या बाकावर बसंल. बोट ठेवून वाचंल. लागंल तेवढा वेळ लागू दे.”

“पण सर,” ज्ञानोबा गोंधळला, “परवा तर तुम्हीच म्हणला हुता, हिला जमायचं न्हाय म्हणून.”

“परवा मला वाचता येत होतं, ज्ञानोबा.”

कळंबच्या टायपिंगवाल्या महांतप्पानं, शुक्रवारी संध्याकाळी पाकीट डकवण्याआधी, त्या मजकुरातल्या सदतीस चुका मॅडमची लाज राहावी म्हणून आपल्या मनानं दुरुस्त केल्या होत्या.